पितळी नट

"अहो, पिकअप म्हणजे काय बैल आहे, तोंड पुढं करून गव्हाणीला बांधायला?" मिस्त्री वैतागला होता. "मागचा बंपर बदलायचाय ना? मग मागची बाजू आत घालायची, तोंड बाहेर ठेवायचं. आता निघताना उलटी काढावी लागेल, आणि शेडच्या दारासमोर ही भिंत."

धाकट्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वर्ष झालं, त्यानं कुठलीच गाडी उलटी घेतली नव्हती. मिस्त्रीच्या शेडपर्यंत सात मैल तो सरळ आला आणि सरळच आत शिरला. निघायचं कसं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गाडी बापाच्या वेळची. गोल दिवे, रंगावर रंगाचे तीन थर. घरात सगळे तिला म्हातारीच म्हणत. दुसऱ्या बाजूनं वहिनी उतरली. वाटेत ती चकार शब्द बोलली नव्हती. थोरला गेल्यापासून तिनं याला 'भाऊजी' अशी हाक मारलेली नव्हती. 'भाकरी झाकून ठेवलीय,' 'गाडी दुरुस्तीला न्यायचीय,' असं भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची. तिनं शेजारच्या गावातला एक ड्रायव्हर ठरवला होता. नवा बंपर बसला की याच्या हातातली किल्ली त्याच्या हातात जाणार, आणि हा घर सोडून कुठंतरी लांब जाणार. तसं कुणी बोललं नव्हतं, पण दोघांनाही ठाऊक होतं.

या घरात गाडीला आरसे नव्हते. फुटले ते फुटले, पुन्हा बसवले नाहीत, कारण बापानं ठोक्याचा कायदा घालून दिला होता. मागं उभं राहायचं आणि बंपरवर पान्हा हाणायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे येऊ दे. तीस वर्षं त्यात चूक झाली नव्हती. त्या दिवशी मक्याची पोती भरायला धाकटा गाडी उलटी घेत हौदाकडं चालला होता. मागं थोरला होता. याला दोन ठोके ऐकू आले. यानं क्लच सोडला. थोरला हौदाची भिंत आणि बंपर यांच्या मध्ये सापडला.

"दादानं दोन दिले," असं तो सगळ्यांना सांगत राहिला. गाव तोंडावर हो म्हणायचं आणि पाठ वळली की म्हणायचं, मेल्याला विचारायला कोण जातंय? जमीन तर आता याच्याच हातात. वहिनी एकदाच बोलली होती, "त्यांच्या हातून मोजण्यात कधी चूक झाली नाही."

तेव्हापासून धाकटा मोजत होता. दारावरची थाप मोजायचा, कुणी लाकडं फोडत असलं तर घाव मोजायचा. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की दुसऱ्या थेंबापुढं जाईपर्यंत तो हातातलं काम सोडून ऐकत राहायचा. म्हातारी वर्षभर गोठ्यात उभी होती, आणि तिच्या जवळून जाताना भर दुपारी त्याला मागून एक ठोका ऐकू यायचा. मग तो तिथंच उभा राहायचा, दुसऱ्याची वाट बघत. दादा, दुसरा दिलास की नाही, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मिस्त्री बंपरखाली सरकला. "गंजलाय सगळा," म्हणाला आणि उजव्या बाजूवर हातोडा हाणला.

ठण्. ठक्.

धाकटा झटकन पुढं आला. "दोन का मारले?"

"दोन कुठं? एकच मारला."

"परत मारा. एकदाच मारा."

मिस्त्रीनं त्याच्याकडं बघितलं आणि एकदाच मारला. ठण्, आणि लगेच मागोमाग, ठक्.

"हे डावं टोक मोकळं आहे," मिस्त्री म्हणाला. "बोल्ट आहे, नट नाही. दणका बसला की टोक उचलतं आणि चेसीवर परत आपटतं. एकाचे दोन होतात."

"त्या आपटीत नट पडला असेल," धाकटा म्हणाला.

"पडलेला नाही. आटे कसे धड आहेत बघा. पान्ह्यानं सोडवलाय कुणीतरी." मिस्त्रीनं उजव्या बाजूचा नट फिरवून काढला, कापडानं पुसला आणि उजेडात धरला. "पितळी आहे की! गंज धरू नये म्हणून घातला असणार. कुठल्या शहाण्यानं याचा जोडीदार काढला?"

वहिनी जवळ आली. तिनं नट हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि खाली बसली, तिथंच, तेलकट जमिनीवर.

"माझ्या रहाटाला आहे," ती म्हणाली.

कुणाला काही समजलं नाही.

"विहिरीवरचा रहाट आठ दिवस मोडून पडला होता. मी रोज त्यांच्या मागं लागले होते. ते गेले त्या दिवशी सकाळी म्हटलं, रहाट फिरल्याशिवाय चूल पेटणार नाही. हसले. म्हणाले, तुझ्या नवऱ्याला नट कुठं मिळतो ते बघच. पाच मिनिटांत बसवून दिला." ती नटाकडंच बघत होती. "वर्षभर मी त्याच रहाटानं पाणी काढतेय. रोज."

धाकटा तिच्यासमोर उकिडवा बसला. वर्षभर छातीवर असलेला धोंडा उतरायला हवा होता. तो उतरला खरा, पण आता तिच्या छातीवर होता, आणि ते त्याला बघवेना. "वहिनी, गाडी मीच चालवत होतो," तो म्हणाला. "खाली उतरून बघायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "बघायला हवं होतं."

भंगारातून आणलेला बंपर मिस्त्रीनं भोकं मोठी करून बसवला, दोन्ही बाजूंचे नट आवळले आणि हात पुसत म्हणाला, "किल्ली द्या, मी काढतो बाहेर."

"नको. तोच काढेल," वहिनी उठली. मिस्त्रीच्या हातातला पान्हा घेऊन ती गाडीमागं गेली, भिंतीच्या आणि गाडीच्या मध्ये.

धाकटा स्टिअरिंगवर बसला. मागून दोन ठोके आले. त्यानं डोकं बाहेर काढलं. "किती?"

"दोन. येऊ दे."

त्यानं क्लच सोडला. म्हातारी एकेक हात मागं सरकत गेली. मग एक ठोका आला. त्यानं सगळं अंग ब्रेकवर टाकलं आणि डोळे मिटून दुसऱ्याची वाट बघितली. बराच वेळ बघितली. दुसरा आला नाही.

"एकच होता, भाऊजी," वहिनी खिडकीपाशी येऊन म्हणाली.

तोंड गावाकडं झालं आणि गाडी चालू लागली. निम्म्या वाटेवर तो म्हणाला, "रहाटाचा नट मी उद्या बदलतो. नाहीतर पाणी मीच आणत जाईन."

वहिनी समोरच्या रस्त्याकडं बघत होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "तो माझ्या वाटणीचा आहे."