व्याह्यांकडचं तेल

रत्नमालानं डब्याचं झाकण पाहिलं आणि ती खाली वाकली. झाकणाखाली हिरव्या काठाची चिंधी दाबलेली होती, आणि ती चिंधी तिच्याच जुन्या साडीची होती. झाकणं ढिली असतात, रिक्षात तेल सांडतं, म्हणून ती स्वतः साडी फाडून एकेका डब्याला अशी चिंधी लावायची. आणि हा डबा आज इथं, फर्दापूरजवळच्या तिच्या माहेरच्या वाडीवर, तिच्या बापाच्या वर्षश्राद्धाच्या चुलीशेजारी उभा होता!

आता हे तेल कसलं, ते आधी ऐका. औरंगपुऱ्यातल्या भजीवाल्यांचं, हाटेलवाल्यांचं, फरसाणवाल्यांचं तळून तळून उतरलेलं तेल रत्नमाला गोळा करायची. लग्न होऊन संभाजीनगरात आली तेव्हा रस्ता ओलांडायला भ्यायची ती पोर, आता तिची लोडिंग रिक्षा गल्लीत शिरली की आचारी आपणहून हाक मारायचे, "भाभी, आपका माल तैयार है." वाळूजकडच्या शेडमध्ये ते तेल गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं, रसायनं घालून घुसळायचं. खाली काळी ग्लिसरीन बसायची, वर पिवळंधमक डिझेल यायचं आणि ट्रकवाले ते घेऊन जायचे. तळलेलं तेल पुन्हा कुणाच्या पोटात जाऊ नये, हीच तर ह्या धंद्याची सगळी शान. तोंडाला फेस येईस्तोवर ती हेच सांगत फिरायची. शेडच्या पाटीवर नावही तिचंच. बाईच्या नावावर सवलती मिळतात म्हणून थोरल्या दिरानं, खंडेरावानं, ते घातलं होतं. पण हिला त्या पाटीचं कोण कौतुक! येता-जाता पुसायची.

"माय, हे तेल कुठलं?" तिनं विचारलं.

आई, सारजाबाई, कढईत पुरी सोडत होती. तिनं झाऱ्यानं पुरी उलटली. शेजारची कडूबाई पुऱ्या लाटत होती, तिनंच उत्तर दिलं. "कुठलं म्हंजी? तुझ्याच कारखान्याचं की गं! तुझे दीर गाडी धाडत्यात. तुझ्या मायला फुकट, आमाला दुकानापरीस लई स्वस्त. आख्खी वाडी तुझं नाव घेतीया, बाई."

रत्नमालानं डब्यात बोट बुडवून नाकाला लावलं. रंग कशानं तरी उतरवला होता, पण वास कसा उतरणार? शेवेचा, मिरचीचा, जळक्या बेसनाचा वास. फरसाणवाल्यांचं जरा बऱ्या रंगाचं तेल खंडेराव नेहमी वेगळ्या टाकीत ओतून घ्यायचा. ह्याचं डिझेल चांगलं उतरतं म्हणायचा. ही भोळी रत्नमाला मान डोलवायची आणि तसले डबे मुद्दाम बाजूला काढून द्यायची. आज सकाळी बापाच्या नावानं ठेवलेला नैवेद्याचा वडासुद्धा ह्याच तेलात तळला होता. तिनं बोट पदराला खसाखसा पुसलं.

मांडवाच्या मागं तिचा नवरा हनुमान फोन बघत उभा होता. तिनं त्याला गाठलं.

"अहो, हे तुमाला ठाव होतं?"

काय ते त्यानं विचारलंसुद्धा नाही. तिथंच तिला कळायचं ते कळलं.

"हळू बोल. दादानं काढलेली वाट हाय ती. नुसत्या डिझेलवर शेड चालली नसती."

"लोकांच्या पोटात घालून चालवायची? माझ्या मायच्या पोटात?"

"मग जा, कर बोंब." तो चिडला, पण आवाज दबकाच होता. "पाटीवर नाव कुणाचं हाय? सह्या कुणाच्या हायत? उद्या पोलिसांची जीप आली तर कुणाला घेऊन जाईल? दादाला नाय आन् मलाबी नाय."

अरे वा रे नवरा! जी पाटी ती पदरानं पुसायची, तीच तिच्या गळ्यात बांधून हे दोघं भाऊ मोकळे झाले होते. बोलावं तर आपणच गुन्हेगार. न बोलावं तर वाडी रोज दोन वेळा हेच खाणार.

तेवढ्यात पंगत बसली. पांढऱ्या कपड्यांतला खंडेराव, व्याह्यांकडचा पाव्हणा म्हणून पहिल्या पाटावर. कडूबाईनं रत्नमालाच्या हातात पुऱ्यांची परात दिली. पत्रावळीवर खीर पडली होती, लोक पुरीची वाट बघत होते. त्यातल्या किती जणांच्या खांद्यावर बसून तिनं लहानपणी जत्रा पाहिली होती! परात हातात घेऊन ती ओळीच्या तोंडाशी उभी राहिली. तिचा पाय पुढं पडेना.

"दादा," ती म्हणाली. थोरल्या दिरापुढं तिनं कधी मान वर केली नव्हती. "तुमीच सांगा ह्यांना. हे तेल खायचं नाय."

खंडेरावानं तिच्याकडं पाहिलं आणि तो हसला, अगदी मायेनं हसला.

"बापाच्या आठवणीनं बेजार झालंय लेकरू," तो लोकांना म्हणाला. मग हात लांब करून त्यानं तिच्या परातीतून चार पुऱ्या उचलल्या. एक खिरीत बुडवून खाल्ली, दुसरी कोरडीच खाल्ली. चावताना त्याची नजर रत्नमालावरून हलली नाही. "मावशी, लई झ्याक झाल्यात. अजून येऊ द्या!"

झालं. कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं, "बस पोरी जरा, पाणी पी," आणि कडूबाईनं तिच्या हातातली परात काढून घेतली. भराभर पुऱ्या पडल्या, भराभर हात चालले. स्वतः मालकच खातोय म्हटल्यावर हिचं कोण ऐकणार? त्याचं काय जात होतं? त्याला एक दिवस खायचं होतं, वाडीला रोज.

ती घरात आली. सारजाबाई पाण्याला म्हणून आत आली होती. रत्नमालाचा सगळा राग तिच्यावरच निघाला. "जिंदगी गेली तुझी चुलीम्होरं! तुला वास नाय आला गं?"

"आला," सारजाबाई म्हणाली. "पहिल्या डब्यालाच आला."

"मग?" रत्नमालानं विचारलं.

"पहिला डबा म्या दिव्याला लावला. मग तुझे दीर आले, म्हनले, मावशी, आमच्या घरचं तेल गोड लागत नाय व्हय? तवा त्यांच्याम्होरं भजी तळली आन् खाल्ली. मग कडूबाईनं इचारलं. म्या काय सांगनार? लेकीच्या घरचं हाय म्हनलं, चांगलंच असनार." तिनं छातीवरून हात फिरवला. "रातच्याला छातीत जळजळ व्हायची. म्या गूळ खायची."

"डबा परत का नाय धाडलास, माय?"

"डबा परत धाडला असता, बाई, तर त्यांनी तुला परत धाडलं असतं. पोर नांदतीया, शहरात तिच्या नावाची पाटी हाय. तेवढ्यापायी खाल्लं. आन् वाडीला खाऊ घातलं."

रत्नमालानं आईच्या गळ्यात पडून रडावं, की त्याच हातांनी तिला गदागदा हलवावं? तिला दोन्ही करावंसं वाटलं आणि तिनं काहीच केलं नाही. आईनं लेकीचा संसार टिकावा म्हणून तोंड मिटलं होतं, आणि तो संसार असला!

बाहेर पंगत उठली. चुळा भरल्याचे आवाज आले. खंडेराव दारापाशी येऊन उभा राहिला, आत मात्र आला नाही.

"मावशी, निघतो. जेवण फक्कड झालं. पुढच्या खेपेला तेल किती धाडू?"

सारजाबाईनं लेकीकडं पाहिलं. रत्नमालानं डोळे पुसले, सरळ उभी राहिली आणि मान हलवली. नको. होईल ते होऊ दे, नको म्हण. सारजाबाईला ते नीट कळलं. तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला, कपाळावर पदर ओढला आणि ती दारात गेली.

"धाडा की, पाव्हणं," ती म्हणाली. "लेकीच्या घरचं कुणी नको म्हनतं व्हय?"