कात्रीचे स्फटिक

साओवरोट हसत हसत सरबताचा पेला घेऊन आली, तेव्हाच रम्फा सावध झाली. ही बाई आपल्याकडे बघून हसते म्हणजे कुठेतरी आग लागलेली असते, एवढं तिला एव्हाना कळत होतं.

"घे गं, ऊन केवढं आहे! नवसाच्या दिवशी चक्कर येऊन पडलीस तर मो आजीला काय वाटेल?"

"ठेवा तिथे," रम्फा म्हणाली. पेल्याला तिने हातसुद्धा लावला नाही.

खोरातच्या चौकात, गावाची राखण करणाऱ्या आणि नवसाला पावणाऱ्या मो आजीच्या पुतळ्यासमोर, गाण्याच्या मंचापुढे सगळी प्रयोगशाळा प्लास्टिकच्या स्टुलांवर बसली होती. पुढे संचालक कामथोन, ज्यांना सगळे आचान, म्हणजे गुरुजी, म्हणत, आणि त्यांच्या शेजारी बँकॉकहून आलेले मंत्रालयातले साहेब. नवस रम्फाचा, आज तो फेडायचा होता. माणसाच्या पेशीत कचरा पचवणारी एक इवलीशी पिशवी असते. त्या पिशवीतलं एक प्रथिन बिघडलं की चालतीबोलती पोरं अंथरुणाला खिळतात. त्या प्रथिनाचा आकार पाहायचा तर आधी त्याचे स्फटिक व्हायला हवेत, आणि हे मेलं काही केल्या जमून येत नव्हतं. वर्षानुवर्षं नुसता चिकटा! शेवटी आचानांनी सांगून टाकलं, यंदा स्फटिक नाहीत तर नोकरीचा करार संपला. करार संपला म्हणजे बुरीरामला भावाच्या खताच्या दुकानात बसायचं आणि वहिनीचं "डॉक्टरीणबाई, जरा गोणी सरकवा" ऐकत जन्म काढायचा. रम्फा काही देवभोळी नव्हती. पण त्या संध्याकाळी ती मो आजीपुढे गुडघे टेकून बसली. स्फटिक दे, तुझ्यापुढे खोरातची गाणी लावीन. आणि आले की! चकचकीत, टोकदार, दृष्ट लागावी असे.

पण स्फटिकांवर क्ष-किरण सोडायचं यंत्र साओवरोटच्या ताब्यात होतं. मागच्या खेपेला रम्फाने वाढवलेल्या स्फटिकांच्या लेखावर हिने स्वतःचं नाव पहिलं टाकलं होतं. जाब विचारला तर म्हणाली, "स्वयंपाक तू केलास गं, पण वाढलं मी ना?" तेव्हापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता.

"आणि हेही बघ," साओवरोटने फोन पुढे केला. "तुझ्या स्फटिकातल्या एका घराची लांबी, रुंदी, उंची. शेजारी एका जुन्या स्फटिकाची, केव्हाच छापून आलेल्या. जुळतंय का? की चष्मा देऊ?"

जुळत होतं. तंतोतंत. स्फटिक म्हणजे एकसारखी इवली घरं रचलेली; घराची मापं जुळली की वस्तू बहुधा तीच. रम्फाने त्या जुन्या स्फटिकाचं नाव वाचलं. हे माणसाचं प्रथिन नव्हतंच. ही कात्री होती.

त्या प्रथिनाच्या अंगावर साखरेच्या शेपट्या लोंबत असतात. त्या छाटल्याशिवाय ते नीट रचून बसत नाही, म्हणून जिवाणूंपासून काढलेलं दुसरं एक प्रथिन त्यात घालतात. प्रयोगशाळेत सगळे त्याला कात्रीच म्हणत. काम झालं की कात्री काढून टाकायची. रम्फाने उतावीळपणाने ती भरमसाट घातली आणि पुरती काढली नाही. कापड राहिलं बाजूला, स्फटिक झाले कात्रीचे.

"कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारीच."

"आणि आज शनिवारी सांगताय?"

"तू विचारलंस कुठे? नुसती नाचत होतीस. म्हटलं, नाचू दे पोरीला, साहेब येऊ देत, गर्दी जमू दे."

पेला उचलून हिच्या तोंडावर फेकावा असं रम्फाला वाटलं. तेवढ्यात आचान आले. काय चाललंय म्हणून त्यांनी फोन हातात घेतला, वाचला, आणि त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी हळूच मंत्रालयाच्या साहेबांकडे पाहिलं.

"आज कुणी तोंड उघडायचं नाही," ते दबक्या आवाजात म्हणाले. "साहेबांची सही झाली की रम्फाचा करार पक्का. पुढे सावकाश म्हणू, पुन्हा तपासलं तेव्हा लक्षात आलं. काय रम्फा? तोंड नीट कर आधी." आणि हसतमुखाने साहेबांशेजारी जाऊन बसले.

साओवरोट रम्फाच्या कानाशी वाकली. "मीही गप्प बसेन हो. पण यापुढे तू वाढवलेला प्रत्येक स्फटिक माझा. आणि रोज सकाळी भेटलीस की हात जोडायचे. छातीशी नाही, नाकापर्यंत, थोरामोठ्यांपुढे जोडतात तसे. सगळ्यांसमोर. कळलं?"

नोकरी रम्फाला हवी होती, जीव तोडून हवी होती. मान खाली घालून 'हो' म्हणायचं तेवढं बाकी होतं, आणि ती म्हणणारही होती.

साओवरोट समाधानाने आपल्या स्टुलावर जाऊन बसली. तेवढ्यात काष्टा नेसलेली जाडजूड गायिका थोंगमुआन मंचाच्या कडेला आली. गाणं सुरू करण्याआधी नवस कशाचा ते विचारायचं आणि तेच गाण्यात ओवून आजीला ऐकवायचं, ही तिथली रीत.

"ये गं पोरी, वर ये!" तिने माइक पुढे केला. "काय मागितलंस आणि काय मिळालं? खरं सांग हं, आजी ऐकतेय."

"माणसाच्या प्रथिनाचे स्फटिक!" आचान खालूनच ओरडले.

"तुम्हाला कोण विचारतंय, आचान? नवस तुम्ही केला होता का?"

लोक खो खो हसले. रम्फा वर गेली. समोर साओवरोट मांडीवर हात ठेवून बसली होती, गाय विकत घेतलेल्या माणसासारखी निवांत. तो चेहरा पाहिला आणि रम्फाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मागितलं माणसाचं प्रथिन," ती माइकमध्ये म्हणाली, "आणि मिळाली कात्री. साखर छाटायची कात्री असते आमची, तिचेच स्फटिक झाले. चूक माझी आहे. पण त्या साओवरोटबाईंना हे सोमवारपासून माहीत होतं. माझी फजिती बघायची म्हणून त्यांनी दाबून ठेवलं. आणि आचान म्हणाले, सही होईपर्यंत गप्प बस."

स्टुलांवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. थोंगमुआनचे डोळे मात्र लकाकले. असा मसाला तिला कित्येक दिवसांत मिळाला नसावा. तिने एक हात कानावर ठेवला आणि तान घेतली:

"कापड मागितलं आजीपाशी, आजीनं धाडली कात्री गं,
सोमवारची गोष्ट साओबाईनं दडवली दिवसारात्री गं!"

चौकातले फेरीवालेसुद्धा टाळ्या पिटत जवळ आले. मंत्रालयाच्या साहेबांनी पिशवी उचलली. आचान हात जोडत त्यांच्या मागे धावले. साओवरोट तरातरा मंचापाशी आली. तिचं तोंड लालबुंद झालं होतं.

"अगं ए येडे! नोकरी गेली तुझी! आता बस बुरीरामला खत विकत!"

"बसेन," रम्फा म्हणाली. "पण तुमच्यापुढे नाकापर्यंत हात जोडून नाही."

साओवरोट काहीतरी बोलत राहिली, पण ढोलात ते ऐकू आलं नाही. रम्फा मंचाच्या पायरीवर बसली आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू तिला सगळ्यांसमोर आलं.