साधीचे तीन तारे

आमच्या घरात कौतुक हा शिव्यांचाच एक प्रकार आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. सासऱ्यांनी पेलाभर बिअर पुढे केली, मी घोट घेतला आणि नव्या सुनेने म्हणावं तसं म्हणाले, "वा, फारच छान!" त्यांचा चेहरा पडला. उठून मागच्या शेडमध्ये गेले, टाकीचं झाकण उघडून वास घेत बसले आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. मग नवऱ्याने मला बाजूला घेऊन समजावलं. बाबांच्या बिअरला कोणी 'वा' म्हटलं की त्यांना वाटतं, काहीतरी जास्त पडलंय. चांगल्या बिअरकडे लक्षच जात नाही. माणूस घोट घेतो आणि आपल्या गुडघेदुखीचं पुढे सांगायला लागतो, ती चांगली. अति तिथे माती, हे बाबांचं एकुलतं एक शास्त्र.

त्या बिअरचं नाव साधी. नाव ठेवतानाही त्यांनी जास्त काही पडू दिलेलं नाही. मोड आणून वाळवलेले जव म्हणजे माल्ट, कडवटपणाला हॉप्सची चार फुलं, यीस्ट आणि पाणी. मागे शेड, शेडमध्ये तीन टाक्या, पुढे आठ टेबलांची खोली. बाबा त्या खोलीला गुत्ता म्हणतात, माझा दीर टॅपरूम म्हणतो. फरशी मी पुसते, म्हणून मी तिला नुसतं खोली म्हणते.

नवरा माझा दातांचा डॉक्टर. माल्ट शिजायला लागला की त्याचं डोकं उठतं. त्यामुळे बाबांच्या हाताखाली तयार झाले ती मी. बाईमाणूस बिअर करते म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत, नाकं त्यांचीच आहेत. बाबांचे खांदे गेल्यापासून साधी ढवळायचं लाकडी वल्हं माझ्याकडे आहे. बाबा स्टुलावर बसून बघतात आणि काही बोलत नाहीत. म्हणजे बरं चाललंय.

आता दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते, रागावले तरी भाऊजीच. कॉलेजात असताना त्यांनी एकदा हौसेने एक टाकी साधी स्वतः केली होती. बाबांनी पेला ओठाला लावला आणि म्हणाले, "वा. छान केलीस." बस्स. पोरगा दुसऱ्या दिवसापासून विमा विकायला लागला आणि कित्येक वर्षं शेडमध्ये फिरकला नाही. पुढे एकदम उगवला तो दाढी वाढवून, आणि तोंडात एकच शब्द, क्राफ्ट. बाबांनी किल्ल्यांचा जुडगा आम्हा दोघांसमोर ठेवला आणि तुम्ही दोघं ठरवा म्हणाले. झालं. तेव्हापासून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या जातायत.

मला वाटायचं, आपण हाताने करतो, थोडी करतो, कोणाची भागीदारी नाही, म्हणजे आपली क्राफ्टच की. भाऊजी हसले. असं आपण म्हणून चालत नाही म्हणाले, क्राफ्ट बिअरवाल्यांच्या महासंघाचा शिक्का लागतो. मग महासंघाचे परीक्षक आले. गळ्यात मफलर, बाहेर कडक ऊन. कारखाना छोटा आहे का, आहे. स्वतंत्र आहे का, आहे. फळ्यावरची नावं खडूने हाताने लिहिलेली आहेत का, तर नव्हती, ती मी लगेच लिहिली. मग त्यांनी साधी तोंडात घोळवली, बादलीत थुंकली आणि बाबांना विचारलं, "या बिअरमागची कहाणी काय?"

"तहान लागते," बाबा म्हणाले.

परीक्षकांनी वहीचं पान उलटलं. त्यांना वाटलं, कहाणी अजून पुढे असेल. नव्हती. मग त्यांनी जड अंतःकरणाने सांगितलं, की ही बिअर बिअरसारखी लागते, हीच तिची अडचण आहे. वेगळेपण नाही. मग भाऊजींनी आपली नवी बिअर पुढे केली. तिचं नाव अननसाचा एकांत. डब्यातला अननसाचा पाक, बटण दाबलं की ढवळणारं यंत्र, आणि रंग पहिल्या पुरानंतरच्या नदीचा. परीक्षकांनी ती थुंकली नाही. डोळे मिटले. शिक्का मिळाला. साधीला कागदावर 'इतर' या खान्यात टाकलं.

बाबांनीही त्या दिवशी एकांतचा घोट घेतला. "वा, फारच छान," म्हणाले. परीक्षक खूश झाले. भाऊजींनी मात्र पेले गोळा करायला घेतले आणि एकदाही वर बघितलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी 'इतर'वरून इतकी पेटले होते, की दिराकडे बघायला मला फुरसत कुठे?

शिक्क्यानंतर तारे आले. फोनवर 'घोट' नावाचं एक ॲप आहे. लोक बिअर पितात आणि एक ते पाच तारे देतात. त्यावरून ॲपवर सगळ्या बिअरचा क्रम रोज खालीवर होतो आणि दर वर्षी पहिल्या शंभर लोकप्रिय बिअरची यादी निघते. एकांतला सुरुवातीला बेताचेच तारे पडत होते. मग एकदा टाकीचा नळ रात्रभर गळला आणि अर्ध्याहून जास्त एकांत गटारात गेली. उरली ती थोड्यांनाच मिळाली, आणि तारे एकदम चढले. भाऊजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढच्या वेळी त्यांनी मुद्दामच निम्मी केली. दारात रांग लागली. लोक लांबून यायचे, उन्हात ताटकळायचे, बोटभर पेला मिळवायचे आणि पाच तारे द्यायचे. देणारच. इतकं उभं राहून मिळालेल्या बिअरला दोन दिले तर मूर्ख कोण ठरतं? ते तारे बिअरला नव्हते, त्यांच्या दुखऱ्या पायांना होते. एकांत यादीत सातवी आली. पिणारे जितके कमी तितकी बिअर लोकप्रिय, हे गणित आमच्या निवृत्त गणिताच्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी आपलाच चष्मा पुसून बघितला.

या बाई आमच्या रोजच्या. रोजचे म्हणजे त्या, शिंपी, पोस्टमन, रात्रपाळीची नर्स, असे दहा-अकरा जण. रांगेमुळे त्यांना आपल्याच टेबलापर्यंत पोचता येईना. शिंपी तर एकदा पाहुण्यांची मापं घ्यायला आलोय सांगून आत शिरला. आणि अशात भाऊजींनी तिसरी टाकी मागितली. म्हणजे साधीची.

त्यांना आणखी दुर्मिळ बिअर करायच्या होत्या. भोपळ्याची कबुली नावाची एक तर तयारच होती डोक्यात. मी म्हटलं, आधीच्या दोन टाक्या, एक एकांतची आणि एक प्रयोगांची, तुम्ही अर्ध्या रिकाम्या ठेवता, तिसरी कशाला? तर म्हणाले, प्रत्येक दुर्मिळ बिअरला स्वतःची टाकी लागते. आणि साधीला यादीत कुत्रं विचारत नाही. आता बाबांसाठी ही टाकी म्हणजे सकाळी उठायचं कारण. चहाच्या आधी तिथे जातात, हात लावून बघतात, मग चहा. ती टाकी गेली तर बाबांनी सकाळी उठून जायचं कुठे? हे मी बोलून दाखवलं. जरा जास्तच मोठ्याने दाखवलं. शेवटी ठरलं असं, की साधी या वर्षी यादीत आली, अगदी शंभरावी का होईना, तर टाकी राहील. नाही आली तर तिसरी टाकी भाऊजींची. मी हात पुढे केला, भाऊजींनी टाळी दिली.

यादीत यायला निदान दहा जणांचे तारे लागतात. साधीला एकाचाही नव्हता, कारण आमच्या रोजच्यांना आपण पितोय त्याला काही द्यायचं असतं हेच माहीत नव्हतं. मी कंबर कसली. एका रविवारी रांग लागायच्या आत सगळ्यांना बोलावलं, फोन काढायला लावले, ॲप उतरवून दिलं. पोस्टमनला चष्मा दिला. टाकीचं काय होणार ते सांगितलं. बाबांच्या कानावर जाऊ देऊ नका म्हटलं. सगळे गंभीर झाले. नर्सने तर डोळे पुसले. आणि मी, अतिशहाणी मी, वर आणखी म्हणाले की काय द्यायचं ते अगदी मनापासून द्या. सगळ्यांनी एकेक घोट घेतला, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि तारे दिले. मीही दिले.

यादी लागली. या खेपेला भाऊजींनी पावच केलेली एकांत चौथी. साधी शंभरात नव्हती, पाचशेतही नव्हती. भाऊजींनी खाली सरकवत सरकवत नेलं तेव्हा ती अगदी तळाला सापडली, कुठल्याशा करपलेल्या बिअरच्या शेजारी. तारे तीन. सरासरी नव्हे, प्रत्येकाचे तीन. एकानेही चार दिले नव्हते, एकानेही दोन.

मी शिंप्याला गाठलं. तो उलट माझ्यावरच चकित. एक म्हणजे कमी पडलं, पाच म्हणजे जास्त झालं, तीन म्हणजे बरोबर मधोमध, नाही का? बाबांच्या बिअरला पाच कसे द्यायचे, त्यांचा अपमान नाही का होणार? गणिताच्या बाई म्हणाल्या, मी हिशेब करूनच तीन दिले. बोलता कोणाला? मीही तीनच दिले होते. बोट आपोआप मधल्या ताऱ्यावर गेलं आणि मला वाटलं, आता टाकी वाचली. स्वतःच्या हाताने साधी बुडवली, तीही मनापासून. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी फरशी पुसायला घेतली.

संध्याकाळी भाऊजी शेडमध्ये आले. मी तिसऱ्या टाकीची किल्ली जुडग्यातून काढून त्यांच्यापुढे टाकली. शब्द म्हणजे शब्द. त्यांनी ती उचलली नाही.

"वहिनी, मीही तीनच दिले," ते म्हणाले.

मला वाटलं, डिवचतायत. म्हटलं, तुम्हाला टाकी हवीच होती, एक द्यायचा होतात.

"पाच देऊन तुम्हाला जिंकू द्यावं म्हणून बसलो होतो," ते म्हणाले. "पण हात धजला नाही. बाबांच्या बिअरला पाच तारे मी कसे देऊ?" आणि मग जमिनीकडे बघत म्हणाले, "मला जगाने पाच-पाच दिलेत, वहिनी. बाबा मला अजून 'वा'च म्हणतात."

एवढा दाढीवाला बाप्या, चौथ्या क्रमांकाची बिअर करणारा, आणि पालथ्या पिंपावर बसून रडत होता. मला राग राग आला होता तो कुठे गेला कोण जाणे. मी पदर नाही दिला, फडका दिला, तेवढाच हाताशी होता. आणि मग माझं डोकं चालायला लागलं. मी विचारलं, एकांत निम्मी केली तर सातवी आली, पाव केली तर चौथी. अजिबातच नाही केली तर?

त्यांनी नाक पुसणं थांबवलं.

तिसरी टाकी त्यांची झाली, तिथे भोपळ्याने कबुली दिली. शब्द मी पाळला. पण एकांतची पहिली टाकी रिकामी झाली आणि तिच्यात साधी. फक्त वल्हं मी घेतलं नाही. ते भाऊजींच्या हातात दिलं आणि म्हटलं, एकदा अर्धवट सोडलंत, आता पूर्ण करा. बाबा स्टुलावर येऊन बसले. भाऊजींनी माल्ट ओतला, ढवळला, घामाने चिंब झाले, मनगट भाजून घेतलं. बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, बरं चाललंय, पण भाऊजींचा विश्वास बसेना.

बाहेर एकांतचं काय झालं म्हणाल, तर फळ्यावर मी खडूने 'संपली' लिहिलं. लोक यायचे, फळ्याचा फोटो काढायचे, हळहळत साधी प्यायचे आणि जुन्या आठवणीवर एकांतला पाच तारे देऊन जायचे. दोन महिन्यांत ती ॲपवर पहिली आली. महासंघाने पत्र पाठवून अभिनंदन केलं. म्हणे, परीक्षकांनी अलीकडेच पुन्हा चाखली आणि ती आणखी प्रगल्भ झालीय.

साधी मुरायला ठेवली होती, ती एका सकाळी तयार झाली. आम्ही सगळे टाकीपाशी. भाऊजींनी पेला भरला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी घोट घेतला. मी मनात म्हणत होते, वा म्हणू नका, देवा, वा म्हणू नका.

बाबांनी दुसरा घोट घेतला. मग खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, खांदा आज जास्तच दुखतोय, हवा बदलणार बहुतेक.

भाऊजी बघतच राहिले. यादीचा प्रकार आम्ही बाबांपासून लपवला होता. पण शिंप्याच्या पोटात काय राहतंय? बाबांनी पेला तिथेच रिकामा केला, उठले, आणि चहाला जाता जाता पोराच्या तोंडासमोर हात धरून तीन बोटं वर केली.