पाण्याने दमलेली कुंडी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे. माझ्या काठाला चीर गेली आहे, पोटाभोवती तार आवळलेली आहे, आणि खरं सांगायचं तर आता मी फार थकले आहे. तरी जे घडलं ते सांगते.

कुंभाराने मला चाकावर घडवलं, बुडाला एक भोक ठेवलं आणि भट्टीत भाजलं. एका आजींनी मला घरी आणून गच्चीवर ठेवलं, माझ्यात टोमॅटो लावले. त्यांच्या हाताला गुण होता. शेजारीपाजारी ते लालबुंद टोमॅटो बघायला जिना चढून येत, तेव्हा मला उगीचच मोठेपणा वाटे.

मग आजी गेल्या, आणि झारी आजोबांच्या हातात आली. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस, आता रिकामा. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पुन्हा पाणी. माझ्या पोटात कायमचा चिखल. मुळांना श्वास घेता येईना. ती काळी पडून सडू लागली. रोपं माना टाकत. आजोबांना वाटे, बिचारी तहानलेली आहेत. की ओत आणखी पाणी! माझ्या अंगावर शेवाळ चढलं. आजींनी राखून ठेवलेलं बी संपलं आणि त्यातली दोनच रोपं उरली.

सूनबाई रोपवाटिकेत कामाला होती. एका सुट्टीच्या दिवशी तिने माझ्यातला चिखल काढून टाकला, भुसभुशीत माती भरली आणि रोपं लावताना मुळांशी मूठभर काळपट भुकटी घातली.

"हे काय गं?" आजोबांनी विचारलं.

"मुळांवर वाढणारी बुरशी आहे, बाबा."

"बुरशी? पावाला लागते ती? अगं, तुझ्या सासूची दोनच रोपं उरलीत!"

"ही वेगळी, चांगली. हिचे धागे केसाहून बारीक असतात. मूळ पोचत नाही तिथलं पाणी आणि खत ते आणून देतात. झाड त्यांना साखर देतं. पण चिखलात त्यांचा जीव गुदमरतो. आता आधी मातीत बोट घालून बघायचं. आत ओल असली, की झारी खाली."

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

सूनबाईने हाताची माती झटकली. मग हळूच म्हणाली, "जवळ बसायचं, बाबा. तेही करणंच आहे."

एक रोप तरीही गेलं. दुसऱ्याची मुळं मात्र खाली उतरू लागली, आणि त्यांच्यापुढे ते पांढरे धागे माझ्या कानाकोपऱ्यात शिरले. किती दिवसांनी मला आत हलकं वाटलं!

एका रणरणत्या दुपारी रोपाची पानं लोंबली. सूनबाई कामावर होती. आजोबा भरलेली झारी घेऊन धावत आले. झारी कलली, थांबली. त्यांनी मातीत बोट खुपसलं. आत ओल होती. त्यांनी झारी खाली ठेवली. "थांब गं जरा," ते रोपाला म्हणाले आणि उन्हातच माझ्याशेजारी बसून राहिले. ऊन उतरलं तशी पानं एकेक करून वर आली. आजोबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

त्या रोपाला टोमॅटो लागले.

"तिचे मोठे असायचे," एक खाऊन आजोबा म्हणाले.

"आणि चव?" सूनबाईने विचारलं.

त्यांनी ताटलीत उरलेलं बी तेवढं नीट निवडून कागदावर वाळत घातलं.

पुढे बरेच हंगाम चांगले गेले. आता आजोबांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. मी कोपऱ्यात पडून आहे. काल त्यांचा मुलगा म्हणत होता, ही फुटकी कुंडी टाकून देऊ.

टाकू दे. पण मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी जुनी कुंडी असेल, तर तिच्यातली निरोगी माती गटारात ओतू नका. तसले धागे अजून तिच्यात जिवंत असतात. नव्या रोपाच्या मुळांशी त्यातली मूठभर घाला. माझं काय, मी भाजलेली माती. कुठेही पडून राहीन.