पायाखालची नोट

बटण शिंपल्याचं होतं, चार भोकांचं, आणि त्यातलं एक बुजलेलं... तिनं ते टाचणीनं टोकरलं, तशी पोटऱ्यांतली कळ पुन्हा वर चढली. सकाळपासून उभीच. उभं राहण्याचं तिला काय नवल – क्लबात आठ वर्षं उंच टाचांवर नाचली – पण तिथं निदान गाणं संपत असे. या बटणादोऱ्यांच्या दुकानात काहीच संपत नव्हतं, आणि तरी याच जागेसाठी तिनं देवाला रोज आळवलं होतं: दिवसाचं काम दे, संध्याकाळी मला लेकीजवळ असू दे. आजचा दिवस परीक्षेचा. कामावर ठेवायचं की नाही, ते मालकीणबाई दुकान बंद करताना सांगणार होत्या.

गल्ल्याशी गेलं की जुने शब्द जिभेवर यायचे. ती ते गिळायची. क्लबात पैशाला पैसा कुणी म्हणतच नसे. पायाशी उधळलेल्या नोटा म्हणजे पाचोळा. नाणी म्हणजे गारा, अंगाला लागतात म्हणून. एखादा माणूस नाच न बघता, वारलेल्या बायकोचं दुःख तासभर सांगत बसे, आणि उठताना जे हातावर ठेवी ते कानभाडं. हा शब्द थोरलीचा. थोरली म्हणजे त्यांच्यातली सर्वांत जुनी नाचणारी. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. ती म्हणे, नाव बदललं की हाताला काही चिकटत नाही. चिकटत नाही?... की चिकटलेलंच मला ओळखू येईना?

दुपारी एक म्हातारी शिंपीण अस्तर घ्यायला आली. बटवा उघडताना तिची नोट निसटली, फळीवरून घसरून अलीकडे पडली, आणि कुणाची नजर जायच्या आत हिचा पाय तिच्यावर पडला. क्लबाची रीतच ती – गाणं चालू असताना वाकायचं नाही, आपल्या वाट्याची नोट पायाखाली धरायची, नाहीतर दुसरी नेते. ती धरून उभी राहिली. वर तोंडभर हसत, जसं तिथं हसायचं तसं. म्हातारी बिचारी बटवा चाचपत होती... किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिला दिसलं, की मालकीणबाई आपल्या पायाकडे बघताहेत.

ती वाकली, नोट दिली. शिंपीण म्हणाली, माझे डोळे गेले बाई, तुझा पाय तरी शहाणा. आणि हसत निघून गेली.

बाईंनी मोजपट्टी खाली ठेवली.

"चोर मी पुष्कळ पाहिलेत. पण नोट दाबून कुणी असं समोर बघून हसत नाही. आधी कुठं होतीस तू?"

शिवणाच्या कारखान्यात – बहिणीनं पढवलेलं उत्तर ओठांवर तयार होतं. ते दिलं तर या पायाला दुसरं कारण उरत नाही, मी चोर. खरं सांगितलं तर चोर नाही, पण मग जी आहे ती... दोन्हीकडून लेकीची संध्याकाळ जाणार असेल, तर निदान एकीकडून तरी मी खरी जाईन. आठ वर्षं लोकांची दुःखं ऐकली. आपलं कुणापुढं मांडायचं तर सुरुवात कुठून करतात, तेवढं मात्र कुणी शिकवलं नाही.

"सांगते, बाई. बसून सांगू का?"

बाईंनी आपलं स्टूल पायानं पुढं सरकवलं. ती बसली. पोटऱ्या सैल होत गेल्या. भीती शोधू गेली तर हाती लागेना. होता तो नुसता थकवा, आणि तो लपवण्याची ताकद आता उरली नव्हती – किंवा गरज.