ट्रामचालकांना नापास करणारं यंत्र

मित्रांनो, मी एक जुनं तपासणी-यंत्र आहे. माझ्यावर माया करा, असं मी म्हणणार नाही. आजवर कोणी केली नाही आणि मीही कोणावर केली नाही.

डॅन्यूबकाठच्या एका ट्राम डेपोत, मोडक्या ट्रामच्या भंगारातून एका मिस्त्रीनं मला घडवलं. वर लाल दिवा, खाली लोखंडी पेडल, बाजूला घड्याळ. दिवा लागला की चालकानं पेडल दाबायचं. किती उशीर झाला, ते घड्याळ दाखवी. डेपोचे मानसतज्ज्ञ ग्रोझावू साहेब माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणत, "माणूस खोटं बोलतो, हे बोलत नाही." मी फुगून जाई. चालक मात्र मला शिव्या घालत आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं माझ्यावर थुंकत.

इलारियॉननं वीस वर्षं ट्राम चालवली, कोणाला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. एका जानेवारीत मी त्याला नापास केलं. ट्राम गेली आणि रुळांवरचा बर्फ फोडायची पहार त्याच्या हाती आली. सात वर्षं तो बर्फ फोडत होता. त्यातच त्याची मुलगी स्मारांदा मानसशास्त्र शिकायला गेली. "घरात एक नापास आहेच, आता नापास करणारीही पोसू का?" एवढं बोलून बापानं तिच्याशी अबोला धरला.

शेवटच्या वर्षी तिला कामाच्या अनुभवाचा दाखला हवा होता. तिच्या सोबतचे कोणी दवाखान्यात गेले, कोणी शाळेत मुलांना समजून घ्यायला, एकजण तुरुंगात कैद्यांशी बोलायला. हिनं मुद्दाम आमचा डेपो मागितला. ग्रोझावू साहेबांनी तिला जुन्या नोंदवह्या उतरवायला बसवलं. पोरगी उतरवता उतरवता थांबली. चाळीस नापासांपैकी छत्तीस जण जानेवारी-फेब्रुवारीतले होते.

माणसाचा पाय काय हिवाळ्यातच मंद होतो? तपासणी सकाळी सहाला होई आणि खोलीतली शेगडी पेटे दहाला. थंडीत माझ्या पेडलातलं तेल घट्ट होऊन पेडल अडकत असे. वर्षातून एकदा मला उघडून तपासायचा नियम होता, पण तो कोणी पाळला नाही. मला हे ठाऊक होतं, मित्रांनो. पण खरं बोलण्याची कीर्ती कोण घालवून घेतो?

स्मारांदा स्वतः सहाला माझ्यासमोर बसली आणि नापास झाली. शेगडी पेटल्यावर पुन्हा बसली आणि पास झाली. तिनं ते सगळं लिहून काढलं.

ग्रोझावू साहेबांनी कागद वाचून बाजूला सारला. "पोरी, शाळेत जा, दवाखान्यात जा, कुठंही नोकरी माग. आधी माझा दाखला विचारतील."

"मग दाखला राहू द्या, साहेब," ती म्हणाली आणि कागद सरळ डेपोच्या मुख्य अधिकाऱ्यांकडे नेऊन दिला.

वरून हुकूम आला की छत्तीसही जणांची पुन्हा तपासणी करा. मला उघडलं, पुसलं, नवं तेल घातलं. इलारियॉन पहार घेऊनच आत आला. शेगडीजवळ हात-पाय शेकून बसला, वीस वेळा दिवा लागला आणि वीसही वेळा त्याचं पेडल वेळेत पडलं. तो शांतपणे उठला, पहार उचलली आणि माझ्या घड्याळावर हाणली. त्याला कोणीही अडवलं नाही.

मग तो मुलीकडे वळला. "दाखला मिळाला का?"

"नाही, बाबा. वर्ष गेलं."

त्यानं माझ्या घड्याळाच्या काचा बुटानं बाजूला सारल्या. "पुढच्या वर्षी दुसरीकडे माग. तोवर कॉलेजला माझ्या ट्रामनं जा. तिकीट मात्र काढायचं."

मी आता भंगारात पडून आहे, आणि मला कोणाची दया नको. पण मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी मन मोजायची विद्या शिकलंच, तर माणसाला नापास लिहिण्याआधी माझ्या जातीच्या यंत्राला एकदा उघडून बघा. आम्ही आपण होऊन कधी कबूल करत नाही.