एमू खाते कोन?

रुख्माने कागदावर सही केली, की दहा जोड्यांमागे पाच-पाच हजार, असे पन्नास हजार रूपलालच्या हाती पडणार होते.

जोड्या एमूच्या. एमू म्हणजे माणसाएवढा उंच परदेशी पक्षी. तो उडत नाही, पैसा उडवतो. दोन वर्षांपूर्वी रूपलालने धानाच्या शेताच्या दोन बांध्या विकून पाच जोड्या आणल्या. मादीमागे वर्षाला तीस अंडी, अंड्याचे हजार रुपये, म्हणजे दीड लाख! खुराकाचा आकडा त्याने त्या वेळी मांडलाच नव्हता. पक्षी मात्र तो रोज वसूल करत होते.

आता माद्या अंड्यावर आल्या, आणि नेमके कंपनीने अंडी घेणे थांबवले. नवा शेतकरी जोडा, पैसे लगेच देतो, असा निरोप आला. रूपलालला पहिली आठवली ती सख्खी धाकटी बहीण. रुख्माचा नवरा अपघातात गेला होता. विम्याचे दोन लाख बँकेत होते, नेमके दहा जोड्यांपुरते. त्याशिवाय तिच्याजवळ दमडी नव्हती.

भाऊबीज होती आणि गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्राही. ढोलांच्या आवाजाने बिथरून सकाळी एका एमूने जाळीत पाय मोडून घेतला. त्याला कापावेच लागले.

"आता फेकता कायले? पाहुने येऊन राहिले, शिजवून टाकते," रूपलालची बायको रामबाई म्हणाली.

दुपारी कंपनीचा एजंट गजेंद्र मोटारसायकलवरून कागद घेऊन आला. रुख्माने भावाला ओवाळले होते. टिळा अजून ओला होता.

"दादा, तू तं ओवाळनीतच धंदा लावून देऊन राहिला मले," ती म्हणाली. "त्याइच्या मागं माहं कोन आहे?"

रूपलालने नुसती मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, त्यालाही सांगता आले नसते.

"लो ताई, इथे साइन करा," गजेंद्रने पेन पुढे केले.

"सही पळून नाई चालली. आंधी जेवा," म्हणत रामबाईने ताटे वाढली.

गजेंद्रने घास उचलला, वास घेतला. "भाभीजी, ये क्या है? कोंबडी नाही वाटत."

"तुमचाच एमू होय."

घास ताटात परत गेला. "मैं नहीं खाता ये सब. साधी कोंबडी नाही का?"

"आँ? तुमी नाई खात?"

"मला नाही जमत. पण बाहेर भारी डिमांड आहे. मुंबई, दुबई..."

"दुबई म्या पाह्यली नाई. आपल्या गोरेगावचा आठवडी बाजार पाह्यला. कोहमाऱ्याचे ढाबे पाह्यले. आज मंडईपायी घरोघरी कोंबड्या कापून राहिले, पन एक मानूस एमू मागाले आला नाई. मंग खाते कोन?"

"अहो, धंदा अंड्यांचा आहे! अंड्याचं पिल्लू करायचं, पिल्लू नव्या शेतकऱ्याला द्यायचं."

"अना त्याचे अंडे?"

"त्याच्या पुढच्या शेतकऱ्याला."

"अना पुढचा भेटलाच नाई तं?"

गजेंद्रने घड्याळ पाहिले. "ताई, स्कीम आज बंद होते. जल्दी करा."

रुख्माने पेनचे टोपण काढले. "दादा, तू सांग. तू म्हनशीन तं करते."

त्याच क्षणी रूपलालला आठवला कोहमाऱ्याचा साडू, भैयाजी. त्यानेच गळ घालून रूपलालला या धंद्यात आणले होते, आणि तेव्हापासून दोन वर्षे तो मंडईला आला नव्हता. "मोठा झाला आता," असे रूपलाल चिडून म्हणायचा. आज त्याने मनात गुणाकार केला. पाच जोड्या, पाच-पाच हजार. पंचवीस हजार! म्हणून येत नव्हता तर! आणि पुढच्या वर्षी रुख्मासमोर आपण कोणत्या तोंडाने उभे राहणार?

"रविताचे बाबूजी," लेकीच्या नावाने नवऱ्याला हाक मारत रामबाई हळूच म्हणाली, "टिक्का अजून वाळला नाई. सांगा तिले, ह्या सहीचे तुमाले किती?"

पेन कागदाला टेकले.

"थांब रुख्मा!" रूपलाल ओरडला. "पन्नास हजार! तुह्या दोन लाखातले पन्नास हजार मले भेटनार होते. माह्या स्वतःच्या अंड्याले गिऱ्हाईक नाई, बाई. नोको करू सही!"

रुख्माने टोपण लावले. "अना हे तू मले आता सांगून राहिला?" एवढेच बोलून ती संध्याकाळच्या एसटीने निघून गेली. मंडईतले रात्रीचे लोकनाट्य, दंडार, तेही पाहिले नाही.

शिमग्यापर्यंत कंपनीच्या कचेरीला कुलूप लागले, गजेंद्रचा फोन बंद झाला. उरलेले नऊ पक्षी कोणी फुकटही नेईनात. उन्हाळ्यात ते एकेक करून मेले.

वाचकहो, नवा धंदा करणे हा गुन्हा नाही. पण माल शेवटी खातो कोण, हे आधी विचारा. 'पुढचा शेतकरी' असे उत्तर आले, तर समजा की विक्रीला पक्षी नाहीत, तुम्ही आहात! आणि फसलातच, तर आपला तोटा आपल्या माणसाच्या दारात नेऊन सोडू नका. तुम्ही थांबलात, तरच ती साखळी थांबते.

पुढच्या भाऊबीजेला रुख्मा आली. रूपलालने ताटात पन्नास रुपये टाकले. "एवढेच?" ती म्हणाली, आणि दोघेही हसले. भैयाजी त्याही मंडईला आला नाही.

शेवटचा हिशेब असा: जोड्यांचे एक लाख, शेड-जाळीचे चाळीस हजार, खुराकाचे एक लाख दहा हजार. एकूण अडीच लाख भरले रूपलालने. पंचवीस हजार घेतले भैयाजीने, आणि एक नातेवाईक गमावला. गजेंद्रने काही भरले नाही.

रुख्मानेही नाही.